गलबताचे धनी

कोकणातील मुसलमानांचा इतिहास सांगताना दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. पहिली अरबांच्या आगमनाची. हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, अल-मसऊदी हा प्रवासी सैमूर म्हणजे आजच्या चौल बंदरी आला आणि तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. दुसरी गोष्ट आरमाराची. जंजिऱ्याचे सिद्दी, शिवाजी महाराजांच्या आरमारातील दौलतखान आणि दर्यासारंग ही नावे आपल्या सभा-संमेलनांतून अभिमानाने घेतली जातात आणि ती घेतली जावीत.

या दोन्ही गोष्टींत गलबत आहे. परंतु ते गलबत कोणाचे होते, त्याला लाकूड कोठून आले, त्याचे सांधे कोणी भरले, पावसाळ्यात ते कोठे ठेवले जाई आणि त्यासाठी पैसा कोण उभा करी, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. व्यापारी आणि सरदार यांच्या मधल्या जागेत शेकडो वर्षे एक तिसरा माणूस उभा होता. तो एखाद्या मचव्याचा, पडावाचा किंवा फत्तेमारीचा धनी होता. दाभोळ, हर्णै, बाणकोट, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग या बंदरांचा रोजचा व्यवहार त्याच्या जिवावर चाले. या लेखात आम्ही त्याच्याविषयी, आणि त्याहूनही अधिक त्याच्या गलबताच्या देखभालीविषयी लिहिणार आहोत. गलबत बांधण्यापेक्षा ते टिकवणे अवघड असते. किनाऱ्यावरील आपल्या समाजाची घडण या टिकवण्याच्या कामातून झाली, असे आमचे म्हणणे आहे.

धनी आणि मिस्कीन

कुरआन शरीफमधील सूरह कहफमध्ये हजरत मूसा आणि अल्लाहचा एक ज्ञानी बंदा यांच्या प्रवासाचा प्रसंग आहे. परंपरा या बंद्याला हजरत खिज्र म्हणून ओळखते. दोघे एका नावेत बसतात आणि खिज्र त्या नावेला भोक पाडतात. पुढे ते त्याचे कारण सांगतात. ती नाव समुद्रावर राबणाऱ्या गरीब लोकांची होती आणि एक जुलमी राजा नावा बळकावत चालला होता. नावेत खोट दिसली तर ती गरिबांपाशीच राहील, हा त्यामागील हेतू. खलाशी लोकांत ख्वाजा खिज्रविषयी जी आस्था आहे, तिच्या मुळाशी असलेल्या प्रसंगांत हाही एक आहे.

या प्रसंगातील एका शब्दावर आपल्या फुकहांनी बरीच चर्चा केली आहे. नावेच्या मालकांना तेथे ‘मसाकीन’ म्हटले आहे. मग ज्याच्याकडे नाव आहे तो मिस्कीन कसा? इमाम शाफई यांच्या मताप्रमाणे फकीर हा मिस्कीनपेक्षा अधिक कंगाल. मिस्कीनाजवळ काहीतरी असते, पण ते त्याला पुरत नाही. या मताच्या पुष्ट्यर्थ शाफई आलिम याच नावेचा दाखला देतात. कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. नाव असूनही माणूस गरजवंत असू शकतो, हे त्यांना किताबातून शिकावे लागले नाही. ते त्यांनी बंदरावर पाहिले होते. धंद्याच्या साधनावर जकात लागू होत नाही, हा नियमही त्यांना याच कारणाने सहज पटणारा होता.

बंदरावर उभे राहून पाहणाऱ्याला गलबताचा धनी सुखवस्तू वाटे. मुंबईत काही कोकणी मुसलमान घराणी खरोखरच मोठी झाली. नाखुदा महंमद अली रोगे यांच्यासारखे व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांच्या बरोबरीने चीनच्या व्यापारात भागीदार होते. परंतु किनाऱ्यावरील सर्वसाधारण धनी असा नव्हता. पुष्कळदा एकाच गलबतात दोन-तीन भाऊ किंवा मेहुणे वाटेकरी असत. धनी स्वतःच तांडेल म्हणून सुकाणूवर बसे. फेरी पुरी झाल्यावर मिळालेल्या नोरातून म्हणजे भाड्यातून खाण्यापिण्याचा आणि बंदराचा खर्च वजा होई आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडत. ‘बोटीचा वाटा’ निराळा निघे. अनेक ठिकाणी तो निम्म्याच्या आसपास असे. बाहेरच्याला हा वाटा म्हणजे धन्याचा नफा वाटे. वस्तुतः तो पुढच्या डागडुजीसाठी असलेला पैसा होता. जो धनी बोटीचा वाटा घरखर्चात घाली, त्याचे गलबत चार-पाच वर्षांत किनाऱ्यावर कुजत पडे.

लाकूड, काथ्या आणि तेल

लाकडी गलबताचा पहिला शत्रू वादळ नव्हे. खाऱ्या आणि उबदार पाण्यात राहणारा, लाकूड पोखरणारा जीव हा त्याचा पहिला शत्रू. दिसायला तो अळीसारखा असला तरी शास्त्रज्ञ त्याची गणना शिंपल्याच्या जातीत करतात. तो लहानपणी सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून फळीत शिरतो आणि आतल्या आत वाढत जातो. वरून फळी धडधाकट दिसते. आतून तिची चाळण झालेली असते. त्याच्या जोडीला तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढतात. त्यांनी गलबत जड होते, वारा चांगला असूनही चाल मंदावते आणि सुकाणू नीट ऐकत नाही.

यावर आपल्या किनाऱ्याने जो उपाय शोधला तो साधा होता, पण तो सतत करावा लागे. दर दोन-तीन महिन्यांनी गलबत कोरडे करून त्याचा तळ खरवडायचा, गवताच्या चुडी पेटवून तो बाहेरून शेकायचा म्हणजे आत शिरू पाहणारे जीव मरतात, आणि मग चुना व चरबी किंवा चुना व तेल यांचा लेप हातांनी चोपडायचा. हा लेप पांढरा दिसे. जुन्या चित्रांतील गलबतांचे पांढरे तळ हे त्याचेच. पाण्याच्या वरच्या भागाला मोरीच्या म्हणजे शार्क माशाच्या काळजाचे तेल लावीत. दक्षिण कोकणात काजूच्या टरफलातून निघणारे डिंबेल वापरीत. या तेलांचा वास किती उग्र असतो हे किनाऱ्यावर राहिलेल्यांना सांगायला नको. पण ऊन आणि खारा वारा यांपासून फळी तडकू नये म्हणून त्याला पर्याय नव्हता.

सांध्यांचे काम याहून नाजूक. दोन फळ्यांमधील फटीत तेलात भिजवलेला कापूस किंवा काथ्या छिन्नीने ठासून भरावा लागतो. कमी भरला तर पाणी झिरपते. अधिक भरला तर ओल्या फळ्या फुगून एकमेकींना रेटतात आणि खिळे सैल होतात. उन्हाळ्यात बराच काळ किनाऱ्यावर राहिलेले गलबत पाण्यात लोटल्यावर पहिले एक-दोन दिवस गळतेच. लाकूड पाणी पिऊन फुगले की गळती आपोआप कमी होते. अनुभवी तांडेल त्या दोन दिवसांत माल भरू देत नसे. उतावळा व्यापारी मात्र त्याच दिवसांत मालाची घाई करी.

लाकडाच्या बाबतीत सागवान सर्वांत मोलाचे. त्यातील तेलकटपणामुळे लोखंडी खिळा लवकर गंजत नाही आणि खिळ्याभोवतीचे लाकूड कुजत नाही. खिळ्यांच्या आधी अरबी समुद्रातील गलबते काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. इब्न बतूता याने चौदाव्या शतकात त्याचे कारण नोंदवले आहे. या समुद्रात खडक फार आहेत, खिळे मारलेली नाव खडकाला लागली की फुटते, शिवलेली नाव लवते. पण शिवलेल्या नावेची दोरी कुजते आणि नाव उसवून पुन्हा शिवावी लागते. गोवा आणि कारवारच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्या अगदी अलीकडेपर्यंत याच पद्धतीने शिवल्या जात होत्या.

देखभालीचा हा विषय मराठी राजनीतीच्या ग्रंथातही आला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले तरी रयतेची झाडे बळजबरीने तोडू नयेत, ती तिने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, एखादे झाड जीर्ण झाले तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असे त्यात बजावले आहे. पावसाळ्यापूर्वी काही दिवस अगोदरच आरमार सुरक्षित बंदरात नेऊन ठेवावे, असाही दंडक त्यात आहे. राज्याच्या आरमाराला जी शिस्त कागदावर लिहून द्यावी लागली, ती किनाऱ्यावरील लहान धनी बापजाद्यांच्या रिवाजाने पाळीत होता.

या कामात हात कोणाचे होते, हेही सांगितले पाहिजे. गलबत बांधणारे सुतार बहुतेक हिंदू होते. काथ्या वळणारी घरे दोन्ही समाजांची होती. खलाशांत दालदी, खारवी, भंडारी, कोळी, गाबीत असे सर्व प्रकारचे लोक असत. शिडाचे जाडेभरडे कापड ‘डोंगरी’ या नावाने ओळखले जाई. ते नाव मुंबईच्या ज्या डोंगरी भागावरून पडले असे मानतात, तो आज मुसलमान वस्तीचा भाग म्हणून ओळखला जातो. भाषाही अशीच मिसळलेली. नाखवा, तांडेल, सारंग ही आडनावे किनाऱ्यावर मुसलमानांत आहेत तशी हिंदूंतही आहेत. सुकाणू हा शब्द अरबी ‘सुक्कान’चा भाऊ आहे, खलाशी अरबीतून आला, नाखवा फारसी ‘नाखुदा’तून. डोलकाठी आणि शीड मात्र अस्सल येथल्याच मातीतील. गलबतावरील एका दिवसाच्या बोलण्यात या सर्व भाषा नांदत आणि ती बोलणाऱ्याला मराठीच वाटे.

चांद आणि भरती

गलबत कोरडे करण्यासाठी गोदी लागते. कोकणातील लहान धन्याला ती परवडणारी नव्हती. त्याची गोदी म्हणजे खाडीचा काठ, आणि तिचे दार उघडणारा-मिटणारा म्हणजे चांद. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते. त्या भरतीला गलबत काठावर आणायचे आणि ओहोटीला ते उघडे पडले की कामाला लागायचे. पुढची भरती येण्याआधी एक बाजू खरवडून, शेकून, चोपडून व्हायला हवी. दुसरी बाजू पुढच्या ओहोटीला. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही, म्हणून त्या दिवसांत हे काम होत नसे.

भरतीची वेळ काढण्याचा हिशेब किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असे. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा आडाखा आहे. बंदराप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. मुसलमान तांडेलाला पंचांग पाहण्याची गरज नव्हती. हिजरी महिन्याची चांदरात आणि तिथी यांत एक-दोन दिवसांचे अंतर असते, तेवढे धरले की हिशेब जुळे. शेजारच्या कोळ्याची पौर्णिमा आणि तांडेलाची चौदावी एकाच चंद्रावर बेतलेली होती, आणि दोघांची गलबते एकाच भरतीला काठावर चढत.

मुंबईच्या आसपास उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक बदलते. दक्षिणेकडे जाऊ तसतसा हा फरक कमी होत जातो. म्हणून मुंबई-अलिबागकडे जे काम भरती करून देई, तेच मालवण-वेंगुर्ल्याकडे माणसांच्या खांद्यांना करावे लागे. पावसाळ्यासाठी गलबत वर ओढून घेताना तर गावच्या गाव लागे. तळाखाली तेल-चरबी लावलेले ओंडके टाकून, दोरखंड लावून, इंच-इंच करीत ते भरतीरेषेच्या वर न्यायचे आणि झापांचे छप्पर घालून शाकारायचे. ज्या धन्याचे गावात कोणाशी पटत नसे, त्याचे गलबत ओढायला माणसे मिळत नसत. गलबत ज्याच्याकडे आहे त्याला शेजारधर्म पाळावाच लागे.

वारा, दांडा आणि वादळ

कोकण किनाऱ्यावरील प्रवासाचा हंगाम श्रावणातील नारळी पौर्णिमेनंतर सुरू होई आणि वैशाखाअखेर संपे. यातील बराच काळ वारा वायव्येकडून वाहतो. त्यामुळे मुंबईहून मलबारकडे जाणे सोपे आणि परत येणे कष्टाचे. परतताना तांडेल दोन वाऱ्यांचा उपयोग करी. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यावर थोडे बाहेर जायचे. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, त्यांवर तिरके होत पुन्हा किनाऱ्याकडे सरकायचे. अशा नागमोडीने गलबत उत्तरेकडे चढे. जाताना जे अंतर दोन-तीन दिवसांत सरे, त्याला परतताना आठवडाही लागे.

आपल्या गलबतांचे शीड तिरक्या लांब काठीवर बांधलेले असे. त्या काठीला परभाण म्हणत. या शिडाने वाऱ्याच्या जवळ तिरके जाता येते, हा त्याचा गुण. पण दिशा बदलताना परभाण डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसरीकडे फिरवावे लागते, हा त्याचा अवगुण. जोराच्या वाऱ्यात हे काम जीवघेणे असते. म्हणून तांडेल शक्यतो वाऱ्याकडे पाठ करून वळे आणि अचानक झोत येताना दिसला की आधी शीड उतरवी. शीड वेळेवर उतरवणारा तांडेल भित्रा ठरत नसे, जाणता ठरे.

धोक्याची दुसरी जागा खाडीच्या मुखाशी. सावित्री, वाशिष्ठी, अर्जुना या नद्यांच्या खाड्यांतून गलबते पूर्वी महाड, चिपळूणजवळचे गोवळकोट आणि राजापूर इथपर्यंत भरतीबरोबर वर जात. पण मुखाशी वाळूचे दांडे असतात. त्यावर लाटा फुटतात आणि दांडा दरवर्षी जागा बदलतो. समुद्रात चार दिवस सुखरूप आलेले गलबत आपल्याच गावाच्या तोंडाशी दांड्यावर आदळून फुटल्याच्या कथा प्रत्येक खाडीत आहेत. यासाठी भरतीची वाट पाहणे हा एकच उपाय होता, आणि घर समोर दिसत असताना वाट पाहणे खलाशांना कठीण जाई.

तिसरा धोका माणसाने निर्माण केलेला, म्हणजे जादा भरतीचा. रिकाम्या गलबताला तळाशी दगड-वाळूचे नीरम लागते, नाहीतर ते कलंडते. भरलेल्या गलबताला पाण्यावर पुरेसा काठ उरावा लागतो, नाहीतर लाट आत येते. मीठ, लाकूड, कौले, नारळ यांचे भाडे वजनावर किंवा नगावर असल्यामुळे आणखी थोडे भरण्याचा मोह नेहमीचाच. संकट आले की माल समुद्रात टाकून गलबत हलके करीत. पण ते करायला तांडेलाचे मन वेळेवर धजावले पाहिजे, कारण मालाचा हिशेब पुढे त्यालाच द्यावा लागे.

एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावर दिवे आले. खांदेरीचे दीपगृह १८६७ साली आणि मुंबईच्या तोंडाशी असलेले प्राँग्जचे दीपगृह १८७५ साली उभे राहिले. १८७५ सालीच सरकारी हवामान खाते स्थापन झाले आणि पुढे बंदरांवर वादळाच्या सूचनेचे बावटे लागू लागले. याचा फायदा शिडाच्या गलबतांनाही झाला. तरीही दोन बंदरांच्या मध्ये असलेल्या तांडेलाला बावटा दिसत नसे. त्याला आभाळ, पाण्याचा रंग आणि वारा नसताना येणारी लांब लाट यांवरच विसंबावे लागे.

या संदर्भात आगबोटींचा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८८८च्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट वादळात उतारूंसह नाहीशी झाली. गुजरातीत ती ‘वीजळी’ या नावाने अजून आठवली जाते. १९२७च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी कोकण किनाऱ्यावर बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून ६००हून अधिक माणसे गेली. हा दिवस भर पावसाळ्यातील होता. त्या महिन्यात शिडाची गलबते झापांखाली शाकारलेली असत. वाफेच्या यंत्रामुळे माणसाला ऋतूची बंदी मोडता आली. पण ती बंदी ज्या कारणाने पडली होती ते कारण समुद्रात तसेच होते. आज १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी नौकांना सरकारी नियमाने बंदी असते. तिचा मुख्य हेतू माशांची वीण वाचवणे हा असला तरी जुन्या रिवाजाची हद्द तिने बरीचशी पाळली आहे.

कागद आणि कर्ज

गलबताची सुरक्षितता समुद्रावर जितकी अवलंबून, तितकीच कागदावर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेण्याची सक्ती केली. परवाना नसलेले गलबत ते जप्त करीत. पुढे सिद्दी, आंग्रे, इंग्रज या सर्वांनी आपापले दस्तक चालवले. एकाचा कागद दुसऱ्याला मान्य होईलच असे नाही. सूरह कहफमधील नावा बळकावणारा राजा किनाऱ्यावरील माणसाला गोष्टीतला वाटत नसे, याचे कारण हेच. कंपनी सरकारने १८३८ साली मुंबई इलाख्यातील किनारी गलबतांसाठी कायदा केला आणि त्यांची नोंदणी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यात शिडाच्या गलबतांसाठी स्वतंत्र भाग होता. नोंदणीचा दाखला, तपासणीचा दाखला, भरतीची मर्यादा दाखवणारी खूण आणि खलाशांची यादी या गोष्टी त्यात आवश्यक ठरल्या. हे नियम माणसांच्या जिवासाठी होते आणि योग्यच होते. पण प्रत्येक दाखल्यासाठी बंदरात दिवस मोडत, आणि बंदरात उभे असलेले गलबत कमावत नसते.

पैशाची अडचण पावसाळ्यात येई. कमाई बंद आणि दुरुस्ती मात्र याच महिन्यांत. सावकाराचे व्याज म्हणजे सूद. दीनदार माणसाला ते सलत असे. पश्चिम किनाऱ्यावर जोखमी हुंडीचा प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाला तर नाही. म्हणजे विम्याचेच एक जुने रूप. पण ती सोय मालाच्या व्यापाऱ्याला होती. लाकडी गलबताचा विमा उतरवणे लहान धन्याच्या आवाक्यात नव्हते. त्याच्यापुढे मार्ग दोनच उरत. एक, व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि हंगामभर त्याचाच माल तो ठरवील त्या भाड्याने न्यायचा. यात व्याजाचे नाव नसे, पण कमी भाड्यातून ते वसूल होई. दुसरा, घरातील दागिना गहाण टाकायचा. आपल्या आजी-पणजींच्या पाटल्या आणि सऱ्या पावसाळ्यात सोनाराकडे जात आणि हंगामाअखेर परत येत. कधी येतही नसत. गलबताच्या नोंदवहीत नाव पुरुषाचे असे, पण ते पाण्यावर राहण्यात घरातील स्त्रीचा वाटा किती होता, हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नाही.

गलबते का गेली

शिडाची गलबते आगबोटींनी संपवली असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. आगबोटींनी उतारू आणि किमती माल नेला, पण जड आणि स्वस्त मालाची वाहतूक गलबतांकडेच राहिली, काही अंगांनी वाढलीही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अनेक कारखाने निघाले. मुंबई आणि कोकणातील घरांवर चढलेली मंगळुरी कौले मोठ्या प्रमाणावर गलबतांतून आली. उरण-पनवेलकडचे मीठ, मलबारचा नारळ आणि लाकूड, रत्नागिरी-देवगडचा हापूस हा मालही गलबतांनी वाहिला.

गलबताला संपवणारी कारणे सावकाश आली. डोंगर उघडे झाले तशा खाड्या गाळाने भरल्या आणि वरची बंदरे बंद पडली. सागवान महाग झाले. चांगले तांडेल आणि खलाशी परदेशी जाणाऱ्या आगबोटींवर गेले. रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमानांच्या कितीतरी पिढ्या अशा बोटींच्या डेकवर राबल्या. तेथे पगार ठरलेला होता आणि बोट गळली तर ती दुसऱ्याची होती. पुढे आखाताचा रस्ता खुला झाला. रस्ते झाले, खाड्यांवर पूल झाले, ट्रक दारात येऊ लागला. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली, तोपर्यंत मालवाहू शिडाची गलबते कोकणातून जवळजवळ गेलेली होती. कच्छ-सौराष्ट्रात, मांडवी आणि सलाया येथे, लाकडी गलबतांनी इंजिन बसवून घेतले आणि तो धंदा बदललेल्या रूपात टिकला. कोकणातील धन्याजवळ इंजिनाइतके भांडवल नव्हते आणि त्याच्या मुलाजवळ आखाताचा व्हिसा होता. मुलाने व्हिसा निवडला. त्यात दोष देण्यासारखे काही नाही. दरवर्षी गलबत ओढण्याचे, शेकण्याचे आणि त्यासाठी उचल घेण्याचे कष्ट त्याने लहानपणापासून पाहिले होते.

परंतु गलबत गेले तेव्हा त्याच्याबरोबर एक व्यवहारही गेला. सुताराला मुसलमान धन्याची आणि धन्याला सुताराची गरज होती. गावाला एकत्र येऊन ओढावे असे काही वर्षातून एकदा तरी किनाऱ्यावर उभे असे. हिंदू-मुसलमान संबंधांची चर्चा करताना आपण सण, दर्गे आणि उरूस यांचे दाखले देतो. ते खरेच आहेत. पण नित्याच्या कामातील परस्परावलंबन हे त्यांच्याइतकेच पक्के होते आणि ते संपल्याची नोंद कोणी फारशी घेतली नाही. आजच्या वातावरणात किनाऱ्यावरील मुसलमानाला ‘बाहेरून आलेला’ म्हणण्याची सवय काहींना लागली आहे. अशा वेळी अरब पूर्वजांची वंशावळ पुढे करण्यापेक्षा डिंबेल, झाप आणि परभाण यांचा हिशेब पुढे ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. जो समाज या मातीतील लाकूड, येथला काथ्या आणि येथल्या तिथीचा चांद घेऊन शतकानुशतके जगला, त्याचे मूळ शोधायला समुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही.

यासाठी पुरावा अजून हाती आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरीवरील १८८० आणि कुलाबा-जंजिऱ्यावरील १८८३ सालचे खंड उपलब्ध आहेत. थॉमस रोबक याने १८११ साली छापलेला जहाजी शब्दांचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश आहे. पण त्याहून मोलाचा ऐवज घराघरांत आहे. राजिवडा, साखरीनाटे, हर्णै, दाभोळ, मुरुड, श्रीवर्धन येथील जुन्या पेट्यांत नोंदणीचे दाखले, भाड्याच्या चिठ्ठ्या, वाट्यांच्या वह्या पडून आहेत. काही वह्या मोडीत आहेत, काही उर्दूत. वाळवी त्यांना फळीतल्या किड्याइतकीच झपाट्याने खाते. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते फेकण्यापूर्वी त्यांच्या नकला कराव्यात. ज्यांच्या घरी कागद नसतील पण वडीलधारे असतील, त्यांनी त्यांच्यापाशी बसून गलबताचे नाव, धनी, वाटेकरी, तांडेल, सुताराचे गाव, कोणता माल कोणत्या बंदरी जाई, लेप कशाचा लावीत आणि शेवटची फेरी कोणत्या साली झाली, एवढे तरी लिहून घ्यावे. शीड उतरवलेले पाहणारी शेवटची पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे, तेव्हा हे काम येत्या पावसाळ्याआधीच हाती घ्यायला हवे.